चौथ्या वर्गाचा डबा : हनोई ते सायगॉन, एका स्वस्त प्रवासाचा इतिहास

१/ #थ्रेड #इतिहास
व्हिएतनाममध्ये पाठीवर पिशवी टाकून कमी खर्चात हिंडणाऱ्यांचा एक ठरलेला शिरस्ता आहे. हनोईला उतरायचे, संध्याकाळची गाडी धरायची आणि रात्र डब्यातच काढायची. एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते आणि सकाळी जाग येते तेव्हा ह्युए जवळ आलेले असते. मुंबईहून थेट विमानसेवा सुरू झाल्यापासून आपल्याकडची तरुण मंडळीही या वाटेला लागली आहेत. हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग कोणाच्या पैशाने बांधला, कोणासाठी बांधला, प्रत्यक्षात कोणी वापरला आणि परक्या पाहुण्याला त्यावर मोकळेपणाने हिंडण्याची मुभा केव्हा मिळाली, याची ही हकीकत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी भूगोल. व्हिएतनामी लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. उत्तरेला लाल नदीचे खोरे, दक्षिणेला मेकाँगचे, अशा भाताच्या दोन टोपल्या, आणि मध्ये डोंगर व समुद्र यांच्या कात्रीत सापडलेली चिंचोळी पट्टी ही त्या कावडीची काठी. ही पट्टी काही ठिकाणी जेमतेम पन्नासेक किलोमीटर रुंद आहे. १८०२ मध्ये सम्राट जा लाँगने देश एका छत्राखाली आणला आणि राजधानी नेमकी या काठीच्या मध्यावर, ह्युएला, ठेवली. तिथून दोन्ही दिशांना जाणारा दरबारी रस्ता होता. त्यावर टप्प्याटप्प्याला ठाणी होती, राजाचे टपालस्वार त्यावरून दौडत. सामान्य माणूस पायी चाले किंवा होडीने जाई. आज महामार्ग क्रमांक १ आणि लोहमार्ग हे दोन्ही बव्हंशी याच रस्त्याच्या अंगाने जातात.

३/ फ्रेंचांनी पहिली गाडी १८८५ मध्ये सोडली, सायगॉन ते मी थो, सुमारे ७० किलोमीटर. पण सबंध देशाला रुळांनी बांधण्याचे स्वप्न पॉल दुमेर या गव्हर्नर जनरलचे. १८९७ मध्ये तो आला तेव्हा वसाहतीची तिजोरी रिकामी होती. त्याने काय केले? मीठ, दारू आणि अफू या तीन वस्तूंवर सरकारी मक्तेदारी कडक केली. गावात घरोघरी तांदळाची दारू गाळली जाई, तो गुन्हा ठरला. मिठागरवाल्याला आपलेच मीठ सरकारला विकून पुन्हा चढ्या भावाने विकत घेणे भाग पडले. या उत्पन्नाच्या भरवशावर १८९८ मध्ये पॅरिसमध्ये २० कोटी फ्रँकचे कर्ज मंजूर झाले आणि रूळ पडू लागले. म्हणजे या मार्गाचे पहिले भाडे व्हिएतनामी शेतकऱ्याने भरले, गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी आणि जेवणातल्या मिठातून.

४/ आणि मजुरांनी जीव देऊन. याची सर्वांत भीषण नोंद मुख्य मार्गावरची नसून त्याच योजनेतल्या युनान फाट्यावरची आहे. हायफाँग-हनोईहून चीनमधील कुनमिंगला जाणारी ही लाईन १९१० मध्ये पुरी झाली. दऱ्याखोऱ्यांतल्या मलेरियाने आणि उपासमारीने मजूर पटापट मेले. साधारण ६०,००० मजुरांपैकी सुमारे १२,००० हा आकडा नेहमी दिला जातो, काही अंदाज याहून बरेच मोठे आहेत. आज सापाच्या टेकड्या पाहायला लाओ कायची रात्रगाडी पकडणारा प्रवासी याच फाट्यावर झोपतो.

५/ मुख्य मार्ग मात्र तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकला. हनोई ते विन्ह १९०५. ह्युए ते तुरान, म्हणजे आजचे दा नांग, १९०६. सायगॉन ते न्हा ट्रांग १९१३. मग महायुद्ध, पैशाची चणचण, रखडपट्टी. विन्ह ते दोंग हा १९२७. शेवटचा तुकडा, तुरान ते न्हा ट्रांग, जोडला गेला तो १९३६ च्या ऑक्टोबरात. तोवर दुमेर फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष होऊन १९३२ मध्ये एका मारेकऱ्याच्या गोळीला बळीही पडला होता. हनोईतल्या ज्या प्रचंड लोखंडी पुलाला त्याचे नाव दिले होते तोच आजचा लाँग बिएन पूल. १९०२ चा, सुमारे १.७ किलोमीटर लांब. आजही गाड्या त्यावरून सावकाश जातात.

६/ सुरुवातीला हनोई-सायगॉन प्रवासाला सुमारे चाळीस तास लागत. रूळ मीटरगेज. रुंद रुळांपेक्षा कमी खर्चात होतात आणि डोंगरी वळणे घ्यायला सोयीचे, हे कारण.

७/ आता या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. फ्रेंच अधिकाऱ्यांचे गणित मालवाहतुकीचे होते. रबर, कोळसा, तांदूळ धावेल आणि वरच्या वर्गातून गोरे साहेब प्रवास करतील, अशी कल्पना. प्रत्यक्षात तांदूळ व कोळसा जहाजानेच जात राहिला, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर आणि जहाज स्वस्त. साहेबांनी पुढे मोटारी घेतल्या. गाडी भरली ती चौथ्या वर्गाने. लाकडी बाके, कोंबड्यांच्या पाट्या, भाजीचे भारे, बाजाराला निघालेल्या बाया, मळ्यांवर कामाला चाललेले गडी, पितरांच्या तिथीला गावी परतणारी कुटुंबे. ज्यांच्यासाठी गाडी बांधलीच नव्हती त्यांनी ती आपलीशी केली. या मार्गावरचा पहिला ‘कमी खर्चातला प्रवासी’ हा असा.

८/ १९४० नंतर जपानी फौजा आल्या आणि त्यांनी रुळांचा लष्करासाठी उपयोग सुरू केला. साहजिकच दोस्तराष्ट्रांच्या विमानांचे ते लक्ष्य झाले. पूल कोसळले, इंजिने जळाली, किनाऱ्याची जहाजेही बुडाली. आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात उत्तरेत दुष्काळ पडला. वादळपुराने पीक बुडाले होते. जे हाती आले होते त्यातून सरकार सक्तीने धान्य उचलत होते. काही जमिनीत भाताऐवजी ताग व तेलबिया लावायला लावल्या होत्या. दक्षिणेत तांदूळ होता. इतका की वीजघरांत कोळशाऐवजी जाळला जात होता. पण तो उत्तरेला पोचेना.

९/ कावडीची काठी मोडली होती. एक टोपली भरलेली, दुसरी रिकामी. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत अंदाज आहेत. २ सप्टेंबर १९४५ ला हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा वाचली, तीत वीस लाखांचा उल्लेख आहे. केवळ रूळ तुटल्याने ही माणसे मेली असे म्हणणे अर्धसत्य होईल, हुकूम माणसांनीच दिले होते. परंतु रूळ जागेवर असते तर किती वाचली असती, हा प्रश्न टाळता येत नाही.

१०/ पुढची तीस वर्षे या मार्गाने अखंड असे काही पाहिले नाही. फ्रेंचांशी लढाई जुंपल्यावर व्हिएत मिन्हने रूळ उखडायला सुरुवात केली. फ्रेंचांनी उत्तर म्हणून चिलखती गाडी उतरवली, नाव ‘ला राफाल’, म्हणजे वाऱ्याचा झोत. (हे नाव आपल्याकडे आता लढाऊ विमानामुळे तोंडी आहे.) गंमत अशी की मध्य भागातला दा नांगच्या दक्षिणेचा सुमारे ३०० किलोमीटरचा तुकडा व्हिएत मिन्हच्या ताब्यात होता आणि तिथे ते स्वतःच गाड्या चालवत, विमानांच्या धाकाने रात्रीच्या. म्हणजे एकाच लोहमार्गावर दोन सरकारांच्या दोन रेल्वे.

११/ १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर १७ व्या अक्षांशाजवळ बेन हाई नदीशी देश दुभंगला. रूळही. या कराराच्या पालनावर नजर ठेवण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते, कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य. भारतीय अधिकारी व जवान तिथे वर्षानुवर्षे होते. १९५६ मध्ये निवडणुका घेऊन देश एक व्हायचा, असे ठरले होते. त्या झाल्या नाहीत. आयोग अहवाल लिहीत राहिला. हनोईहून सायगॉनला जाणारी गाडी मात्र २२ वर्षे नव्हती.

१२/ दक्षिणेकडची लाईन अमेरिकी मदतीने दुरुस्त होई आणि गनिम ती पुन्हा उडवत. उत्तरेकडची लाईन अमेरिकी विमाने उडवत आणि हजारो लोक, त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने, रात्रीतून पुन्हा जोडत. थान्ह होआजवळच्या हाम रोंग पुलाची कथा तर दंतकथाच व्हायची. नवा पूल १९६४ मध्ये खुला झाला. १९६५ च्या एप्रिलपासून त्यावर हल्ले सुरू झाले. शेकडो उड्डाणे झाली, विमाने पडली, पूल उभाच. अखेर १९७२ मध्ये लेझरच्या साह्याने नेम धरणारे नवे बाँब आले, तेव्हा तो पडला. लाँग बिएनवरही १९६७ पासून वारंवार बाँब पडले. आज त्या पुलाच्या कमानी मध्येच नाहीशा होऊन साधे सपाट खांब लागतात, ती त्या जखमांची जागा. छायाचित्र काढणाऱ्यांना ती बहुधा रचनेची लहर वाटते.

१३/ १९७३ मध्ये युद्धविरामानंतर पॉल थरू हा अमेरिकी लेखक रेल्वेने आशिया पालथा घालत इथे आला. त्याच्या पुस्तकात व्हिएतनामचे प्रकरण आहे, पण प्रवास तुकड्यांचा : सायगॉनहून बिएन होआपर्यंत थोडा, ह्युए ते दा नांग थोडा. मधले रूळ चालू नव्हते आणि उत्तरेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. सुमारे तीन दशकांनी तो परत आला आणि सायगॉनहून हनोईपर्यंत गेला.

१४/ ३० एप्रिल १९७५ ला युद्ध संपले. नव्या सरकारने जी कामे सर्वप्रथम हाती घेतली त्यांत हे रूळ होते. हजाराहून अधिक पूल, २७ बोगदे, शेकडो किलोमीटर रूळ. वीस महिन्यांत, ३१ डिसेंबर १९७६ ला, मार्ग पुन्हा सलग झाला. गाडीचे नाव ‘थोंग न्हात’, म्हणजे एकीकरण. राष्ट्रीय समारंभ म्हणून हे भव्य होतेच. प्रवासी म्हणून विचाराल तर गाडीला ७२ तास लागत. १९३६ च्या जवळजवळ दुप्पट. घाईने उभारलेल्या तात्पुरत्या पुलांवरून ती रांगत जाई.

१५/ पुढचे दशक रेशनकार्डांचे. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेण्यावर निर्बंध होते. लोक त्या धोरणाला कडवट विनोदाने ‘नद्या अडवा, बाजार बंद करा’ असे म्हणत. अशा काळात एकीकरणाची गाडी हीच देशातली सर्वांत लांब चोरबाजाराची गल्ली झाली. कॉफी, तांदूळ, मांस, सुटे भाग बाकांखाली, छताच्या पोकळीत, अंगावरच्या कपड्यांच्या थरांत लपवून जात. तपासनीस चढले की डबाभर हालचाल होई. हे करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. चौथ्या वर्गातल्या बाजारकरणींच्याच नाती म्हणा ना. नियोजनकारांना जे जमले नाही ते, उत्तर-दक्षिणेचा बाजार एक करण्याचे काम, या बायकांनी तिकीट काढून (आणि कधी न काढता) केले, असे माझे मत आहे. त्यांचे पुतळे अर्थातच नाहीत.

१६/ थोडे विषयांतर, पण आपल्या जिव्हाळ्याचे. १९८० च्या दशकात व्हिएतनामने भारताकडून डिझेल इंजिने घेतली. वाराणसीच्या कारखान्यात बनलेली, आपल्या वायडीएम-४ या मीटरगेज इंजिनाची भावंडे. तिथे त्यांना डी१३ई म्हणतात. पूर्णा-अकोला-खंडवा मार्गावर ज्यांनी मीटरगेजच्या काळात प्रवास केला आहे त्यांना ते लांबट नाक पाहताच ओळखू येईल. आपल्याकडे मनमाड-औरंगाबादचे रूळ १९९० च्या दशकात रुंद झाले, अकोल्याचे त्यानंतर. व्हिएतनामचा मुख्य मार्ग अजून एक मीटरचाच आहे.

१७/ १९८६ हे वर्ष कठीण होते. महागाईचा वार्षिक दर ७०० टक्क्यांच्या वर गेला होता. त्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’, म्हणजे नवीकरण, स्वीकारले. शेती, व्यापार, खासगी धंदा हळूहळू मोकळा झाला. १९९० हे पर्यटन वर्ष म्हणून जाहीर झाले आणि त्या वर्षी सुमारे अडीच लाख परदेशी आले. (२०१९ चा आकडा १ कोटी ८० लाख.) पण ‘या’ म्हणणे आणि ‘फिरा’ म्हणणे यांत अंतर होते. परदेश्याला एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला परवाना लागे. कोठे उतरणार, कोणत्या रस्त्याने जाणार, हे पोलिसांना आधी कळवायचे. सरकारी सहल, सरकारी गाडी, सरकारी दुभाष्या. १९९३ मध्ये हे अंतर्गत परवाने गेले. ज्याला आपण आज ‘बॅकपॅकिंग’ म्हणतो त्याचा व्हिएतनाममधला जन्म या प्रशासकीय निर्णयापासून मोजावा. पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने आर्थिक निर्बंध उठवले, १९९५ मध्ये राजनैतिक संबंध जुळले.

१८/ स्वस्ताई मात्र लगेच आली नाही. रेल्वेचे दोन दरपत्रक होते, एक देशवासीयांसाठी आणि दुसरे, काही पटींनी महाग, परदेशीयांसाठी. फाटक्या पिशवीचा विद्यार्थीसुद्धा ‘परदेशी’ म्हणून श्रीमंतच धरला जाई. तक्रारी फार झाल्या. मला त्यात संपूर्ण अन्याय दिसत नाही. ज्यांच्या आजोबांच्या मिठातून रूळ पडले त्यांनी कमी भाडे द्यावे, यात काय वावगे? पण धोरणाचा परिणाम उलटा झाला. पाहुण्यांनी रेल्वेच सोडली.

१९/ ती सोडून ते कोठे गेले? सायगॉनच्या फाम न्गु लाव रस्त्यावर. हा फाम न्गु लाव तेराव्या शतकातला सेनापती, मंगोलांशी लढलेला. १९९० च्या दशकात त्याच्या नावाच्या रस्त्यावर स्वस्त खोल्या, कॉफीची दुकाने आणि सहलींचे गल्ले गजबजले. तिथल्याच कॅफेंनी ‘ओपन टूर’ बस काढली. एकच तिकीट घ्या, न्हा ट्रांग, होई आन, ह्युए करत हनोईपर्यंत जा, वाटेत हवे तिथे उतरा, हवे तेव्हा पुढे निघा. ज्या देशात दोन-तीन वर्षांपूर्वी प्रांत ओलांडायला कागद लागत होता तिथे हे तिकीट निघाले, हे विसरू नये. आणि आता भूगोलाचा योगायोग पाहा. या रस्त्यासमोर लांबट, अरुंद अशी एक बाग आहे, २३ सप्टेंबरच्या नावाची. बाग इतकी लांबट का? तिथे पूर्वी सायगॉनचे रेल्वे स्थानक होते. १९८० च्या आसपास स्थानक आत होआ हुंगला हलवले आणि फलाटांच्या जागी झाडे आली. गाडी गेली, पण पथारी टाकून पुढच्या मुक्कामाची चौकशी करणारे लोक तिथेच जमत राहिले.

२०/ २००० च्या दशकाच्या आरंभी रेल्वेने दुहेरी भाडे बंद केले आणि पाहुणे परतले. आज हनोई-सायगॉन अंतर ३० ते ३५ तासांत तुटते. ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो, एकवेळच्या प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर. डब्यांच्या भाषेत ‘कडक बैठक’, ‘मऊ बैठक’, सहा जणांचा ‘कडक शयन’ आणि चौघांचा ‘मऊ शयन’. लाकडी बाकांची कडक बैठक आता क्वचित दिसते. शक्य असल्यास ह्युए ते दा नांग हा टप्पा दिवसा करावा. हाय व्हानच्या डोंगराला गाडी समुद्राच्या कडेने, बोगद्यांतून, इतकी हळू वळसे घेते की खिडकीतून मागचे डबे दिसतात. खिंडीची उंची ४९६ मीटर, रस्ता वरून जातो, रूळ खालून. इथेच एके काळी चंपा राज्याची हद्द होती. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

२१/ आणि हे सारे किती दिवस? ३० नोव्हेंबर २०२४ ला व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने उत्तर-दक्षिण अतिवेगवान रेल्वेला मंजुरी दिली. १,५४१ किलोमीटर, ताशी ३५० किलोमीटरचा आराखडा, खर्च सुमारे ६,७०० कोटी डॉलर. नवी गाडी हनोईच्या जुन्या स्थानकातून सुटणार नाही. तिचे उत्तरेचे टोक शहराबाहेर न्गोक होईला, दक्षिणेचे थु थिएमला. जुना मीटरगेज मार्ग माल, स्थानिक प्रवासी आणि पर्यटक यांच्यासाठी राहील, असे सांगितले जाते. तिकिटाचा दर विमानापेक्षा कमी ठेवण्याची भाषा आहे. कोंबडीच्या पाट्या अर्थातच नेता येणार नाहीत.

२२/ जाणार असाल तर हनोईच्या जुन्या स्थानकाची इमारत रस्त्याच्या पलीकडून एकदा नीट पाहा. दोन्ही पंख १९०२ चे, उतरत्या छपरांचे, फ्रेंच धाटणीचे. मधला भाग मात्र काँक्रीटचा, सरळसोट, त्यांच्याशी अजिबात न जुळणारा. २१ डिसेंबर १९७२ च्या बाँबहल्ल्यात मूळ मधला भाग जमीनदोस्त झाला. गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत जे साहित्य आणि जो वेळ हाताशी होता त्यात हा बांधला. आत गेल्यावर तुम्ही सायगॉनच्या गाडीसाठी याच मधल्या भागातून फलाटावर जाता.